बडोद्याहून अलिबाग-मुरूड किनारा पायी: आधी तिथी, मग मुक्काम, शेवटी तिकीट

सहकुटुंब किनाऱ्याने चालायचं ठरलं की बहुतेक बडोदेकर आधी गाडीचं तिकीट काढतात, मग हॉटेल शोधतात, आणि समुद्राचं काय ते तिथे गेल्यावर पाहतात. पायी जायचं असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो. किनारा दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. ज्या पट्ट्यावरून सकाळी सात वाजता आजी सहज चालत गेल्या, तिथे दुपारी एकला पाणी थेट सुरूच्या झाडांना टेकलेलं असतं. म्हणून आधी भरती-ओहोटी पाहून तारखा ठरवायच्या, त्यावरून मुक्काम, आणि रेल्वेचं तिकीट सगळ्यात शेवटी.

बडोद्याजवळचा समुद्र का नको

नकाशावर खंभातचं आखात बडोद्याच्या अगदी उंबऱ्याशी दिसतं. पण तिथे भरती-ओहोटीतला फरक देशात सर्वांत मोठ्या फरकांपैकी आहे आणि किनारा म्हणजे मैलोनमैल गाळ. चालण्यासाठी तो अजिबात कामाचा नाही. मुलांना भरती म्हणजे काय ते दाखवायला मात्र त्यासारखी जागा नाही. जंबुसर तालुक्यातलं कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेव मंदिर भरतीला पाण्यात जातं आणि ओहोटीला पुन्हा मोकळं होतं. सहलीच्या महिनाभर आधी एक रविवार तिथे घालवा. पाणी किती वेगानं चढतं हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं मूल पुढे किनाऱ्यावर ‘परत फिरा’ म्हटल्यावर वाद घालत नाही.

चालायला अलिबाग ते मुरूड हा पट्टा सुचवतो. कारण सरळ आहे: अलिबाग-रेवदंडा-काशीद-मुरूड हा एसटीचा रस्ता बहुतेक ठिकाणी किनाऱ्याला धरून जातो. कुणाचा पाय दुखला, मूल रडायला लागलं, ऊन चढलं, तरी थोडं आत चाललं की रिक्षा किंवा एसटी मिळते. दक्षिणेकडचे किनारे जास्त सुंदर आहेत, नाकारत नाही. पण तिथे मधल्या खाड्या आणि डोंगर यामुळे अर्ध्यात सोडायची सोय कमी. लहान मुलं आणि सत्तरीचे आजोबा एकत्र असतील तर सौंदर्यापेक्षा ही सोय मोलाची.

तिथीचा पाऊणपट हिशेब

कोकणात जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. शुद्ध पक्ष असो की वद्य, आकडा तोच धरायचा. तृतीया असेल तर ३ ची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे पूर्ण भरती दुपारी आणि रात्री सव्वादोनच्या आसपास. भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणून सकाळची ओहोटी काढायला सहा तास मागे जा: सव्वाआठ. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, ओहोटी सहाच्या.

आता चालायच्या दृष्टीने पाहा. हिवाळ्यात सकाळी पावणेसात ते साडेदहा हे चालण्याचे तास. ओहोटी या वेळेच्या मधोमध हवी. ती द्वितीयेला साडेसातला, तृतीयेला सव्वाआठला, चतुर्थीला नऊला, पंचमीला पावणेदहाला येते. शिवाय पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस पाणी सर्वांत जास्त ओसरतं, म्हणजे कडक ओली वाळू भरपूर रुंद मिळते. एकूण काय, पक्षातली द्वितीया ते सप्तमी हा तुमचा आठवडा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत असे सहा-सात आठवडे हाती येतात. त्याआधी ऑक्टोबरची काहिली, मार्चनंतर घामाच्या धारा, आणि जून ते सप्टेंबर या वाटेचा विचारच नको.

हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, कारण तिथी क्षय-वृद्धीने सरकते. म्हणून महिना-आठवडा ठरवायला पंचांग, आणि घड्याळाची वेळ ठरवायला सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटी तक्त्यातले आकडे. मोबाइलवर पाहत असाल तर जवळचं भरती-केंद्र मुंबई किंवा अलिबाग निवडलंय ना, ते तपासा. हाच हिशेब कावी-कंबोईला लावू नका; आखाताच्या आत भरती मुंबईपेक्षा काही तास उशिरा पोचते.

दिवाळीचं काय, हा बडोद्यातला पहिला प्रश्न. गुजरातच्या शाळांना तेव्हाच सलग तीन आठवडे मिळतात, आणि भाऊबीज ते लाभपंचम म्हणजे नेमकी द्वितीया ते पंचमी! समुद्राच्या हिशेबाने सोन्यासारखे दिवस. पण अख्खं मुंबई-पुणे त्याच आठवड्यात अलिबागला उतरलेलं असतं आणि खोल्यांचे दर चढलेले असतात. जायचंच असेल तर श्रावणातच खोली धरा. आमच्या मते पौष किंवा माघाचा वद्य पक्ष जास्त चांगला. मात्र उत्तरायणाचे दोन दिवस त्यात येत असतील तर घरातली मुलं पतंग सोडून येणार नाहीत, हे आधीच गृहीत धरा. २६ जानेवारीला जोडून आलेला शनिवार-रविवार आणि ३१ डिसेंबर टाळा.

वाराकडेही बघावं लागतं. नागाव आणि काशीद शनिवार-रविवारी वॉटर स्पोर्ट्स, एटीव्ही गाड्या आणि गाण्याबजावण्याने भरून जातात. द्वितीया सोमवारी किंवा मंगळवारी पडत असेल तो पक्ष उत्तम. तिथी आणि वार जुळत नसतील तर तिथीला मान द्या.

रोज किती चालायचं

ओल्या कडक वाळूत मोठा माणूस तासाला ४ किलोमीटर चालतो. कोरड्या भुसभुशीत वाळूत तोच माणूस अडीचवर येतो आणि पोटऱ्या भरून येतात. आठ-दहा वर्षांची मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर ओल्या वाळूतही ताशी अडीच धरा. शंख वेचणं, खेकड्यामागे धावणं यातच वेळ जातो. रोज ८ ते ९ किलोमीटर पुरे.

आखणी साधारण अशी बसते:

प्रतिपदेच्या रात्री बडोद्याहून निघायचं, द्वितीयेला दुपारपर्यंत नागावला मुक्कामी पोचायचं. त्या दिवशी चालणं नाही. संध्याकाळी पाणी ओसरत असतं तेव्हा अर्धा तास नुसतं पाय भिजवा.

तृतीयेला सकाळी साडेसहालाच रिक्षाने अलिबागच्या किनाऱ्यावर. ओहोटी सव्वाआठची, म्हणून सातला कुलाबा किल्ल्याकडे पायी निघा आणि पाणी परतायला लागल्यावर अर्ध्या तासात, म्हणजे पावणेनऊच्या आत, परत किनाऱ्याला या. समुद्रातला किल्ला, पण आत गोड्या पाण्याची विहीर आणि गणपती पंचायतन आहे. इथे लोक एकच गोष्ट चुकवतात: किल्ल्यात रमतात आणि परतताना पाणी मांडीपर्यंत येतं. अष्टमी-नवमीच्या आसपास तर ओहोटीलाही पाणी पुरेसं ओसरत नाही, तेव्हा घोडागाडीशिवाय जायचं नाही. परतल्यावर अलिबाग ते आक्षी हा भाग रिक्षाने करा, कारण मध्ये खाडी आहे आणि पुलावरूनच जावं लागतं. आक्षीपासून नागावपर्यंत तीन-चार किलोमीटर सुरूच्या बनालगत चालत या. आक्षी गावात एक शिलालेख आहे. त्यावरचं शक ९३४, म्हणजे इ.स. १०१२ हे वाचन धरून अनेक अभ्यासक तो मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी मानतात. दहा मिनिटं वाट वाकडी करा.

चतुर्थीला नागाव ते रेवदंडा, सुमारे ८ किलोमीटर. हा किनारा सलग वाळूचा नाही. मध्ये खडक आणि कोळीवस्ती लागते. तिथे खडकांवरून उड्या मारत जाण्याची हौस करू नका, चौलच्या वाड्यांमधल्या रस्त्यावर या. रस्ता नारळी-पोफळीतून जातो, सावली आहे, आणि चौलचं रामेश्वर मंदिर वाटेत येतं. शेवटी रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, त्यातला सातखणी मनोरा. पडक्या भिंतींवर मुलांना चढू देऊ नका. परत नागावला एसटी किंवा रिक्षाने.

पंचमीला मुक्काम हलवायचा. कुंडलिका खाडीवरचा रेवदंडा-साळाव पूल मुलांना घेऊन पायी ओलांडू नये. वाहनांची वर्दळ असते. रिक्षाने कोर्लईपर्यंत जा, दीपगृहाच्या बाजूने किल्ला चढा. वर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी दिसते. खालच्या कोर्लई गावातली ख्रिस्ती वस्ती आजही पोर्तुगीजमधून उपजलेली एक वेगळीच बोली बोलते. किल्ला उतरून बोर्लीच्या दिशेने जमेल तेवढं चाला, उरलेलं काशीदपर्यंत गाडीने.

षष्ठीला काशीद ते नांदगाव. यातला बराच भाग वळणांच्या रस्त्याने आहे, म्हणून रस्ता सकाळी लवकर उरका. ओहोटी साडेदहाची असल्याने नांदगावचा किनारा नंतर रुंद मिळतो. रस्त्यावर नेहमी उजव्या बाजूने, समोरून येणारं वाहन दिसेल असं, एकामागे एक. सप्तमीला नांदगाव ते मुरूड, विहूरमार्गे, ८-९ किलोमीटर. मुरूडच्या किनाऱ्यावरून पद्मदुर्ग समोर दिसतो. अष्टमीला सकाळी राजपुरीहून होडीने जंजिरा, आणि परतीचा प्रवास.

मुक्काम कुठे आणि किती

रोज नवीन गावी मुक्काम, ही कल्पना कागदावर छान वाटते. कुटुंबासाठी ती त्रासाची ठरते. तुम्ही पावणेसातला निघून साडेदहाला पुढच्या गावी पोचता, तिथे खोली बारा-एकशिवाय रिकामी होत नाही. घामाने चिकट झालेली मुलं, ओले कपडे आणि ओसरीवर दीड-दोन तास ताटकळणं. त्यात रोज बॅगा भरा, रोज उघडा. त्यापेक्षा दोनच ठिकाणं धरा: द्वितीया, तृतीया, चतुर्थी या तीन रात्री नागाव किंवा रेवदंडा; पंचमी, षष्ठी, सप्तमी या तीन रात्री काशीद किंवा नांदगाव. रोज चालण्याच्या एका टोकाला रिक्षाने जायचं आणि दुसऱ्या टोकाहून परत यायचं. मुक्काम हलवण्याच्या एकाच दिवशी सामानाचा प्रश्न येतो. तेव्हा रिक्षावाल्याला सामान पुढच्या घरी पोचवायला सांगा, भाडं आदल्या रात्री ठरवा, आणि औषधं, पैसे, आधार कार्डं स्वतःच्या पाठीवर ठेवा.

हॉटेलपेक्षा वाडीतली घरगुती सोय बरी. जेवण घरचं मिळतं आणि घरमालकाला किनाऱ्याची इत्यंभूत माहिती असते. फोन करताना मात्र ‘खोली आहे का’ एवढं विचारून थांबू नका. हे सगळं विचारा:

- खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, गरम पाणी किती वाजता मिळतं? सकाळी सहाला हवं असेल तर सोलरच्या भरवशावर राहता येत नाही.
- किनारा चालत किती मिनिटं? ‘समुद्राजवळ’ या शब्दाला कोकणात दोन किलोमीटरपर्यंत ताणलेलं असतं.
- सहाला चहा आणि बरोबर न्यायला पोहे किंवा घावन मिळतील का? नसेल तर खाखरे-थेपल्यांवर सकाळ काढायची तयारी ठेवा.
- शाकाहारी असाल तर भांडी आणि तवा वेगळा असतो का, हे आडवळण न घेता विचारा. मासे खाणारे आणि न खाणारे एकाच घरात असतील तर कोणाची किती ताटं तेही आधी सांगा. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी.
- वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का? मच्छरदाणी आहे का?
- त्या रात्री मोठा ग्रुप आहे का? म्हणजे रात्री एकपर्यंत स्पीकर.

सगळं तोंडी ठरलं की लेखी पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर असा मजकूर पुरतो: ‘नमस्कार. बोलणं झाल्याप्रमाणे सोमवार दुपार ते गुरुवार सकाळ, तीन रात्री, तळमजल्यावरच्या दोन खोल्या. मोठी चार, मुलं दोन. रात्रीचं जेवण शाकाहारी, सहा ताटं. सकाळी सहाला चहा. एकूण इतके रुपये, पैकी आगाऊ इतके आज पाठवले. तारीख बदलावी लागल्यास आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला धरली जाईल. कृपया होकार कळवावा.’ रात्रींचा आकडा आणि वार दोन्ही लिहा. ‘तीन दिवस’ म्हणजे दोन रात्री की तीन, यावरूनच दारात सर्वाधिक वाद होतात.

आगाऊ रक्कम तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नका. रद्द केल्यावर पैसे परत देणारे थोडे, तारीख पुढे ढकलून देणारे पुष्कळ. म्हणून तीच अट घाला. खोट्या जाहिराती ओळखायच्या तर व्हिडिओ कॉल करून अंगण आणि खोली दाखवायला सांगा. खरा घरमालक हसत दाखवतो, भामटा ‘आत्ता बाहेर आहे’ म्हणतो. पैसे पाठवताना यूपीआयवर दिसणारं नाव त्याच माणसाचं आहे का ते पाहा. आणि ‘रक्कम परत पाठवतो, पिन टाका’ असं कुणी म्हटलं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

बडोदा ते अलिबाग

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. तोवर मुक्काम ठरलेला असावा. रात्रीच्या गाडीने पहाटे मुंबईत उतरायचं, टॅक्सीने गेटवे ऑफ इंडिया, तिथून बोटीने सुमारे तासाभरात मांडवा. बहुतेक बोटींच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते. बस सुटायच्या आत बसा, मध्ये फोटो काढत राहू नका. ज्यांना बोट लागते त्यांनी पनवेलला उतरावं. बडोद्याहून वसई रोडमार्गे कोकण रेल्वेला जाणाऱ्या गाड्या पनवेलला थांबतात, पुढे अलिबागला एसटी. स्वतःची मोटार न्यायची तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट २०२० पासून आहे, पण पायी सहलीत मोटार गळ्यात पडते.

तिकीट काढताना एक सापळा: सौराष्ट्र, अहमदाबादहून येणाऱ्या कित्येक गाड्या बडोद्याला मध्यरात्रीच्या आगेमागे येतात. साडेबाराची गाडी सोमवारी ‘रात्री’ पकडायची असेल तर तिकिटावर मंगळवारची तारीख हवी. सोमवारची काढली तर स्टेशनवर पोचेपर्यंत ती गाडी गेलेली असते, काल.

सराव आणि सामान

महिनाभर आधीपासून कमाटीबागेत फेऱ्या सुरू करा: पहिल्या आठवड्यात रोज ३ किलोमीटर, चौथ्यात ७, एकदा सलग दोन दिवस. दुसऱ्या दिवशी कुणाला काय दुखतं, ते तेव्हाच कळतं. वाळूचा सराव हवाच असेल तर चांदोदला नर्मदेच्या कोरड्या वाळूत करा, पाण्यापासून लांब.

पायात मागे पट्टा असलेली सँडल. बूट-मोजे ओले झाले की संपलं. वाळू आत जाऊन दुसऱ्या दिवशी टाचेला फोड येतो. पूर्ण अनवाणीही नको, कारण खडकांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात आणि वाळूत माशांचे काटे, काचा, जाळ्यांचे तुकडे असतात. फोड यायच्या आधी टाच चुरचुरते. तिथेच थांबा, पाय पुसा, चिकटपट्टी लावा.

मोठ्यांना तासाला अर्धा लिटर पाणी, मुलांना पाव लिटर. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरमध्येच मिसळायचं, ग्लासभर पाण्यात नव्हे. पाकीट संपलं तर एका लिटरला चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत. रोख रक्कम अलिबागलाच काढून ठेवा.

पाण्याचे नियम, वाद न घालता

कोणतीही खाडी चालत ओलांडायची नाही, गावातला माणूस ओलांडताना दिसला तरी. अर्ध्या ओहोटीला खाडीच्या मुखाशी ओढ सर्वांत जास्त असते आणि तळाशी गाळ पाय धरून ठेवतो. काशीदचा समुद्र वरून शांत दिसतो, पण थोडं आत गेलं की एकदम खोल होतो. तिथे घोट्याच्या वर पाणी नको. चालताना ओहोटीची वेळ टळून तासभर झाला की वाळूच्या वरच्या अंगाला सरका. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचा इशारा देते. तो असेल त्या दिवशी फक्त रस्त्याने. जेलीफिश चिकटला तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, अन्य मदतीला ११२. जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे.

परतीचं तिकीट काढताना मुरूडहून पनवेल किंवा मुंबईला लागणाऱ्या वेळेत किमान तीन तास जास्तीचे धरा. रविवारी संध्याकाळी वडखळला कोंडी होते आणि एसटी तिथेच अडकून बसते. परतीचा दिवस रविवारच येत असेल तर जंजिरा आदल्या दुपारी उरका आणि सकाळच्या पहिल्या गाडीने निघा.